जांगदान ते बोंगदोंग, अडीच कोस

सोल, बुलग्वांग-दोंग
९ एप्रिल २०२४

इन-बे,

नाही, मला कुणी फूस लावलेली नाही, आणि डोकंही फिरलेलं नाही. सहल होती, गेले. पैसे माझे, गुडघे माझे. ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं सीमेवर जाऊ नये असा कायदा आहे का? नाही. मी विचारून घेतलं.

तू विचारलं नाहीस हे मला ठाऊक आहे. पस्तीस वर्षांत तू माझ्याबद्दल काहीच विचारलेलं नाहीस. नव्या वर्षाला तुझ्या मुलीनं, मिनानं पाठवलेलं कार्ड येतं, त्यावर तुझ्या अक्षरात 'तब्येत सांभाळ, ताई' एवढंच. मीही तेवढंच उलट लिहिते. पण आज लिहायला बसले, कारण इथं कुणाला सांगायला गेलं की ते रडायला लागतात, नाहीतर फोन काढून माझा व्हिडिओ घेतात.

सहलीच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "आजी, ही परदेशी पाहुण्यांची बस आहे. सगळं इंग्रजीत सांगतात."

"बरंच झालं. कळणार नाही म्हणजे कुणी मला शिकवायला येणार नाही."

"तुमचं गाव तिकडचं का हो आजी?" लगेच त्याचा आवाज ओला झाला.

"तिकीट दे," म्हटलं. "बस किती वाजता?"

पहाटे उठून गेले. छत्तीस परदेशी आणि मी एकटी. गाईड यू-रिम म्हणून तिशीतली मुलगी, बारीकशी, पण घसा सैनिकासारखा. दर ठिकाणी सांगायची, वीस मिनिटं, बारा मिनिटं, आणि घड्याळ दाखवायची. मला ती आवडली. वेळ पाळणारी माणसं हल्ली मिळत नाहीत. माझ्या शेजारी एक लांबडा ऑस्ट्रेलियन बसला होता, ब्रेंडन. त्याचा आजा इथं लढायला आला होता म्हणे. गुडघे पुढच्या सीटमध्ये घुसलेले, आणि तरी मला खिडकी दिली. मी त्याला उकडलेलं अंडं दिलं. त्यानं मीठही न लावता खाल्लं. त्यांच्याकडे तसंच खातात का? तू इतकी वर्षं गोऱ्यांत राहिलास, तुला ठाऊक असेल.

इमजिन नदीच्या अलीकडे पहिला थांबा. तुला दाखवायला हवं होतं. उत्तरेकडे तोंड करून नमस्कार घालायचा तो दगडी चौथरा आहे ना, जिथं आपल्यासारखी माणसं सणाला फळं घेऊन जातात, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर जत्रेतलं झोका खाणारं जहाज आहे. पोरं वर जातात, किंचाळतात, खाली येतात. एक म्हातारा चौथऱ्यावर डोकं टेकत होता आणि मागून "ईऽऽऽ!" त्यानं काही मान वळवली नाही. मला आधी राग आला. मग वाटलं, ठीक आहे, किंचाळू देत. नुसती शांतता ठेवून तरी कोण परत आलंय?

दुकानात काटेरी तारेचे तुकडे चौकटीत घालून विकतात. खरी तार आहे की हल्लीच गंजवलेली, हे मी विचारलं. विकणारी म्हणाली, "आजी, प्रमाणपत्र आहे बरोबर." तारेला प्रमाणपत्र! मला सहावीचंसुद्धा नाही.

आणि चॉकलेट लावलेलं सोयाबीन. जांगदानचं सोयाबीन, पाकिटावर मोठ्या अक्षरात. आई ज्याची आंबवून चटणी लावायची तेच, आता चॉकलेटात लोळवलेलं. एक पाकीट घेतलं. वाईट नाही. दाताला चिकटतं.

मग ते इंजिन. जांगदान स्टेशनातून उचलून आणून ठेवलंय, गोळ्यांनी चाळणी झालेलं, गंजून तांबडं. यू-रिम सगळ्यांना इंग्रजीत सांगत होती, मग माझ्यासाठी आपल्या भाषेत सुरू झाली, "आजी, हे इंजिन लढाईच्या वेळी..."

"मला सांगू नकोस. ह्याच्या आडोशाला मी बसलेय," म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. झालं! तिनं ते इंग्रजीत सांगितलं, आणि छत्तीस जणांनी इंजिन सोडून माझे फोटो काढले. ब्रेंडन तेवढा बाजूला उभा राहिला. बरा माणूस.

तुला काही आठवत नसणार, तू चार वर्षांचा होतास, तुला फक्त शिंका येत होत्या. पुन्हा सांगते, तुला पाठ आहेच. आई आपल्याला बोंगदोंगहून जांगदानपर्यंत घेऊन आली, इंजिनाच्या मागं वारा लागणार नाही असं बसवलं, आणि आजीला आणायला माघारी गेली, कारण आजीला चालता येत नव्हतं. म्हणाली, उद्या सूर्य मावळेपर्यंत इथून हलायचं नाही. आपण सूर्य मावळेपर्यंत थांबलो. ती आली नाही. मग मीठ विकणाऱ्या मिठाच्या काकूंबरोबर नदी ओलांडली. हे असं आहे.

मग भुयार. उत्तरेच्या सैन्यानं आपल्याकडे चालून यायला खणलेलं. डोक्यावर हेल्मेट घालायचं आणि उतरायचं, उतरायचं, उतरायचं. वर येताना ब्रेंडननं मला दंडाला धरलं आणि शेवटी मीच त्याला ओढत आणलं. एक गोष्ट तुला विचारायची आहे, तू तिकडं कोळशाच्या खाणीत होतास म्हणून. भिंती काळ्या आहेत. यू-रिम म्हणाली, हा नुसता ग्रॅनाइट, इथं कोळशाचा कणसुद्धा नाही. भुयार सापडलं तेव्हा ते म्हणाले आम्ही कोळसा काढत होतो, आणि पुरावा म्हणून भिंतींना काळं फासलं. मी बोट लावून पाहिलं.

"आजी, हात नका लावू!"

बोट काळं झालं. पन्नास वर्षं होत आली आणि अजून निघतंय. तू सांग, खऱ्या कोळशाचा रंग असा निघतो का? मला वाटतं खरा चकाकतो. हा चकाकत नव्हता. अख्ख्या सैन्यानं मिळून खोटं बोलायचं, तर नीट तरी बोलावं.

शेवटी टेकडीवरच्या दुर्बिणी. तिथं धुकं होतं. काही दिसलं नाही.

तब्येत सांभाळ.
चोम-रे

* * *

२६ एप्रिल

इन-बे,

मिनाचा फोन आला. पोरीची आपली भाषा कशी आहे रे, बोलायला बसली की क्रियापद आधी वाढते. पण समजलं. तुझं ऑपरेशन झालं हे तू मला कळवलं नाहीस. कळवायचं नसेल तर नको कळवू. डॉक्टरनं एकदा विमानात बसायची परवानगी दिलीय आणि तुला शरदात यायचंय, आईच्या श्राद्धाला बसायचंय, हेही तिनंच सांगितलं.

वर म्हणाली, "बाबा म्हणतात, आत्यानं तेव्हा बरोबर केलं. बाबा म्हणतात, माफी मागायची."

कसली माफी? कुणी मागितली माफी?

१९८९ साली जे झालं त्यात तुझं काय चुकलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. तू एकोणीस वर्षांनी घरी आलास. दारातूनच तुला वाढलेलं पान दिसलं. त्याआधी दर वर्षी आईच्या नावाचा भात झाकणाच्या वाटीत घालून गरम जमिनीवर गोधडीखाली ठेवायचे मी, बाहेर गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा. तुला तीच वाटी बघायची होती. आणि मी मात्र नवव्या महिन्याची नवमी धरली, ज्यांच्या मरणाची तिथी ठाऊक नाही त्यांची तिथी, आणि भातात चमचा उभा खोवला, मेलेल्यांच्या पानात खोवतात तसा.

तू म्हणालास, "ताई, चमचा काढ."

मी म्हटलं, "बस. सूप निवतंय."

"तिला कोण म्हणालं मेली म्हणून? सदुसष्ट वर्षांची आहे ती! तुझ्या बाजारात ऐंशीच्या बाया मुळे विकतात!"

"बस म्हटलं ना."

मग तू पाट उलटलास. नासपती जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत गेली. खालच्या बाईनं ती धुऊन परत आणून दिली, हे तुला माहीत नाही, तू तोपर्यंत स्टँडवर पोचला होतास. मी मागं आले नाही. मला वाटलं, रात्री येईल.

आता तू म्हणतोस की मी बरोबर केलं. म्हातारपणात माणसं उगीच गोड होतात. मला ते सोसत नाही. म्हणून दुसरं पत्र लिहिते आहे.

धुकं नव्हतं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, हवा धुतल्यासारखी होती. तिथला सैनिकसुद्धा म्हणाला, "आजी, नशीबवान आहात, महिन्यात असे दोन दिवस मिळतात." बसमध्ये ओळखपत्रं बघायला चढला होता तोच पोरगा. माझं कार्ड बघून त्यानं जन्मगाव वाचलं आणि म्हणाला, "जेवलात का?" एवढंच. शहाण्या आईचं पोर.

यू-रिमनं वेळ दिला होता बारा मिनिटं. मी दुर्बिणीला डोळा लावला तर नुसता तिकडचा झेंडा. केवढा मोठा तो! वाऱ्यानं हलतसुद्धा नाही धड. मग डोंगर. सोंगाक डोंगर बघितला आणि दुर्बीण तिथंच धरून ठेवली. उतरत्या रांगेचा तो आकार तसाच आहे, निजलेल्या बाईसारखा. आपल्या अंगणातून तो असाच दिसायचा, फक्त थोडा डावीकडे कललेला.

मी सैनिकाला विचारलं, "बोंगदोंग कुठं?"

त्यानं दुर्बीण फिरवून दिली. पांढरे चौकोन. कारखाने. आपलेच लोक तिकडं जाऊन ते चालवायचे, शिवणयंत्रांवर तिकडच्या बाया, मग बंद पडले ते. बातम्यांत शंभर वेळा बघितलेत मी. पण ते आपल्या गावावर बसलेत हे टीव्हीवर बघणं वेगळं. रस्ते सरळ, दिव्यांचे खांब, माणूस एकही नाही. मी आपली विहीर शोधत होते. एवढी मोठी बाई, आणि विहीर शोधतेय कारखान्याच्या आवारात! मग स्वतःचीच गंमत वाटली. पण बघायचं सोडवेना. कुणाचं छप्पर कुठं असेल, ओढा कुठून वळवला असेल, उताराचं सोयाबीनचं शेत सपाट कसं केलं असेल. ओढा त्यांनी पाइपात घातलाय बहुतेक. तसा ओढा राहायचा नाही, फार वळवळा होता.

"आणि जांगदान स्टेशन?"

"ते झाडांत गेलं आजी. तो रूळ दिसतोय ना, त्याच्या थोडं अलीकडे. आम्हीसुद्धा जात नाही तिथं, सुरुंग आहेत."

मी एक डोळा झाडांवर ठेवला. मग कारखान्यांवर. मग परत झाडांवर. मानसुद्धा वळवावी लागत नव्हती, इन-बे.

ब्रेंडन मागं उभा होता. मी यू-रिमला म्हटलं, "ह्याच्या फोनवर मोजायला सांग. तिथपासून तिथपर्यंत किती?"

"आजी, वेळ झाला, बस..."

"मोजायला सांग!"

ब्रेंडननं बोटं फिरवली. सात किलोमीटर आणि वर थोडं. यू-रिमनं दोनदा सांगितलं, मला ऐकू आलं नाही असं वाटून. मला ऐकू आलं होतं.

सात किलोमीटर. अडीच कोस.

माझ्या मनात ते तीन दिवसांचं अंतर होतं. मी आयुष्यभर हिशेब असाच केला. आई जाणार, आजीला पाठीवर घेणार, बर्फातून परत येणार, तिला वेळ लागणारच. म्हणून ती आली नाही यात कुणाची काही चूक नाही. पण अडीच कोस! आई सकाळी गेली. बर्फ धरला तरी दुपारपर्यंत पोचली असणार. आजीला पाठीवर घेऊन त्याच संध्याकाळी परत यायला हवी होती. तिनं स्वतःला दुसऱ्या दिवसाचा सूर्यास्त दिला होता, म्हणजे दुप्पट वेळ घेऊन ठेवला होता.

मी बसमध्ये परत चढले तेव्हा यू-रिमनं डोकी मोजली आणि म्हणाली, "सदतीस. निघूया." कुणी मागं राहिलं नाही.

पुढचं लिहिता येत नाही आज. भाजी आणायचीय.

चोम-रे

* * *

१७ मे

इन-बे,

मिना म्हणते तू तिकीट काढतो आहेस. काढू नकोस. आधी हे वाच. वाचून झाल्यावर काढायचं असेल तर काढ. मिनाला वाचून दाखवायला सांगू नकोस, चष्मा लाव आणि तूच वाच.

सूर्य मावळेपर्यंत आपण थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारीच निघालो. मिठाच्या काकू आल्या, म्हणाल्या, नदीवरचा बर्फ आज चालायला घट्ट आहे, उद्याचं सांगता येत नाही, चल. मी म्हटलं, आईनं सांगितलंय. त्या म्हणाल्या, तुझी आई येईल मागून, तीही याच वाटेनं येणार. मग त्या चालायला लागल्या. मी सूर्य बघितला. तो डोक्यावर होता. तू रडत होतास, तुझ्या नाकाचा गारठून खडा झाला होता, माझे पाय मला कळत नव्हते. मला कंटाळा आला होता. खरं तेच सांगते. भीती, थंडी हे सगळं होतंच, पण मला वाट बघायचा कंटाळा आला होता. मी तुला पाठीवर बांधलं आणि काकूंच्या मागं निघाले. मागं वळून एकदाही बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर ती येताना दिसेल अशी मला भीती होती.

आणि ती दिसली तर ओरडेल. आठ वर्षांच्या पोरीला एवढंच सुचतं.

ती आली असेल का त्या संध्याकाळी? टेकडीवरून बघितल्यावर मला दोन्ही दिसतं. अंतर एवढंसं आहे. येणारीच असती तर आदल्या रात्रीच आली असती. म्हणजे ती येऊ शकली नाही, आपण थांबलो काय आणि निघालो काय. हे एक. आणि दुसरं, सूर्य मावळताना ती आजीला पाठीवर घेऊन आली असेल, आणि इंजिनामागं कुणी नसेल. यातलं कुठलं खरं ते मला ठाऊक नाही. तिसरंही आहे. मी माझ्या पायांनी माघारी चालत घरी जाऊ शकले असते. तेवढं तर मी आईबरोबर बाजाराला जायचे.

हे मी तुला त्र्याहत्तर वर्षं सांगितलं नाही. आणखी एक आहे, ते ह्याहून वाईट.

ताटातूट झालेल्यांची नावं सरकारनं लिहून घेतली, २००० साली तिकडच्यांशी भेटी ठरवायला चिठ्ठ्या काढायला लागले, तेव्हा तू तिकडून फोन केलास. त्या भांडणानंतर तुझा एकच फोन. "ताई, नाव घातलंस का दोघांचं?" मी म्हटलं, घातलं. नंतर दर वेळी मिनाकरवी निरोप, "चिठ्ठी निघाली का?" मी सांगायचे, नाही निघाली, लाखो नावं आहेत, आपला नंबर कुठला लागतोय.

मी नाव घातलंच नव्हतं.

घातलं असतं आणि आपली चिठ्ठी निघाली असती तर? अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई त्या मोठ्या हॉलमध्ये टेबलाच्या पलीकडे बसली असती आणि पहिला प्रश्न तोच विचारला असता, का थांबली नाहीस. तू मिठी मारली असतीस. मला उत्तर द्यावं लागलं असतं.

त्याच्याही आधी मी नवमी धरली ती ह्याच भीतीनं. जिवंत माणसाची वाट बघावी लागते. मेलेल्याला जेवू घातलं की सुटलो. तू पाट उलटलास ते योग्यच होतं. तुला ते ठाऊक नव्हतं, तरी योग्य होतं. तेव्हा माफी वगैरे मागायला येऊ नकोस. मागायची असेल तर ती मलाच मागायची आहे, आणि ती कशी मागायची हे मी शिकलेली नाही.

तू चिडशील. चीड. एकट्यानं चिडायची तुला सवय आहे. मला एवढंच हवंय की पानावर बसशील तर हे माहीत असून बस. नाहीतर बसू नकोस. मी आत्तापर्यंत एकटीच बसत आलेय.

काल मी त्या ऑफिसात गेले. भेटी कधीच बंद झाल्यात, पण नाव अजून घेतात. खिडकीत एक गलेलठ्ठ कारकून. फॉर्म बघून म्हणाला, "आजी, तुमच्या आई एकशे दोन वर्षांच्या होतात."

"मला मोजता येतं."

"म्हणजे... तुम्हाला कळतंय ना, की..."

"भावाचं नाव कुठं लिहायचं ते सांग."

त्यानं दाखवलं. तुझं नाव, तुझा तिकडचा पत्ता, सगळं मी हातानं लिहिलं, दोन अक्षरं चुकली, त्यानं दुसरा फॉर्म दिला. पुन्हा लिहिलं. खाली एक मोठा रकाना होता. शेवटी कुठं पाहिलं, केव्हा, ताटातूट कशी झाली. त्यात लोक पानंच्या पानं लिहितात म्हणे, वर कागद जोडतात. मी लिहिलं, 'जांगदान स्टेशन. तिनं थांबायला सांगितलं होतं. मी थांबले नाही.'

कारकुनानं ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. अगदी हळू, घरातल्यासारखं म्हणाला, "आजी, अजून खूप जागा आहे. लढाई होती, तुम्ही लहान होतात, थंडी होती... ते लिहूया का?"

"नको."

"तुमच्याच भल्यासाठी हो आजी. वाचणाऱ्याला समजायला हवं."

"शिक्का मार," म्हटलं.

त्यानं मारला.

तू फोन करशील. मिना करेल. भावजय मध्ये पडेल. त्या दिवशी नदीवर काय झालं, काकू काय म्हणाल्या, तू किती रडलास, मी मग रडले की नाही, हे सगळं विचाराल. जे होतं ते वर लिहिलंय. याहून एक शब्द मी बोलणार नाही.

चोम-रे